बत्तीस नंबरची काठी

आधीच सांगतो, मला गोष्टी रचता येत नाहीत.

तीस वर्षं मी रस्ते तपासायचं काम केलं. भराव किती, खडी किती, पाणी कुठून निघतं... जे मोजलं ते लिहिलं, जे लिहिलं त्याखाली सही केली. तीस वर्षांत फक्त एकदा, पाहिलेली गोष्ट अहवालात लिहायची टाळली.

तीच आज सांगतोय. अक्षर न् अक्षर खरं आहे. विश्वास ठेवा, नका ठेवू, मला आता त्यानं काही फरक पडत नाही.

तारीख १९ नोव्हेंबर २०१४. बुधवार. जागा, फिनलंडच्या पूर्वेला कायनूमध्ये हेतेयार्वी नावाचं गाव. तिथून तळ्याकडे जाणारा दोन किलोमीटरचा मुरमाचा रस्ता. वेळ दुपारी साडेतीन.

हो, दुपारी. भुताची गोष्ट म्हटली की लोकांना मध्यरात्र हवी असते. आमच्याकडे नोव्हेंबरात तीनलाच दिवस मावळतो. साडेतीनला काळोख.

त्या रस्त्याच्या टोकाला माझ्या भावाचं घर. तौनो, माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. आणि त्याची बायको, लेम्पी.

सगळं तिच्यासाठीच चाललं होतं. तिचं हृदय अधू होतं. वर्षाला दोनदा तरी अँब्युलन्स यायची. हिवाळ्यात यायची, उन्हाळ्यात यायची. पण एप्रिलात, जमिनीतला बर्फ वितळला की त्या रस्त्याची लापशी व्हायची. तीन आठवडे सायकलसुद्धा जायची नाही.

डॉक्टर म्हणाले, एक तर रस्ता करा, नाहीतर हिला शहरातल्या वृद्धाश्रमात ठेवा.

लेम्पी म्हणाली, "वृद्धाश्रमात? तिथे सॉना विजेवरचा आहे म्हणे. त्यापेक्षा मेलेली बरी." सॉना म्हणजे आमची लाकडं पेटवून तापवायची वाफेची न्हाणी.

मग रस्ता करायचं ठरलं. रस्ता आठ घरांचा. त्या आठ घरांचा मिळून एक संघ, आणि त्याचा अध्यक्ष तौनो. बैठकीत तो म्हणाला, "कामाची तपासणी आपला मार्ती करेल. बाहेरचा माणूस कशाला?"

मार्ती म्हणजे मी.

मागून कुणीतरी टोमणा मारला, "भावाचा रस्ता भाऊ पास करणार. मग नापास कोण करणार?"

सगळे हसले. मीपण हसलो.

काम जूनमध्ये सुरू व्हायचं, ते ऑगस्टमध्ये झालं. मग पावसानं वीट आणला. ऑक्टोबर संपला तरी दलदलीवरचा साठ मीटरचा तुकडा उघडाच. तिथली सगळी जुनी माती काढून खाली चिखल वर येऊ न देणारं कापड, वर दगड, वर खडी घालायची होती. रस्त्याच्या कडेला बर्फ काढणाऱ्या गाडीला कडा कळावी म्हणून काठ्या रोवतात ना, दर पन्नास मीटरवर एक, नंबर टाकून... त्यातली बत्तीस नंबरची काठी बरोब्बर त्या तुकड्यात येत होती.

आणि थंडी पडली.

एका रात्रीत उणे बारा. खडीचा ढीग बाहेर उघड्यावर. सकाळी त्याचे गोळे झालेले, डोक्याएवढे.

गोठलेली खडी भरावात घालायची नसते. हे शिकाऊ पोरालाही ठाऊक असतं. गोळ्यांच्या मधे पोकळी राहते, पोकळीत बर्फ राहतो. हिवाळाभर सगळं दगडासारखं दिसतं. वसंतात बर्फ वितळतो, आणि खाली काही उरतच नाही.

युर्की, आमचा ठेकेदार, टोपी काढून डोकं खाजवत उभा होता. वाईट माणूस नव्हता तो. थकला होता.

"मार्ती, आज नाही भरलं तर मेपर्यंत नाही. खड्डा असा उघडा राहिला तर बर्फाची गाडी पलीकडे जाणार नाही. तुझी वहिनी हिवाळाभर अडकेल. बोल काय करू?"

मी एका गोळ्याला बुटानं ढोसून पाहिलं.

"भर," मी म्हणालो.

चार दिवसांनी, त्या बुधवारी, मी तपासायला गेलो. पद्धत साधी असते. लोखंडी ताटली रस्त्यावर ठेवायची, भरलेल्या ट्रकच्या वजनानं दाबायची, किती खचते ते पाहायचं. त्यावरून आकडा निघतो, जितका मोठा तितका रस्ता टणक; ऐंशीच्या वर हवा.

तीनशे दहा आला.

युर्की हसला. "बघ! विमानसुद्धा उतरेल."

"उगाच बोलू नकोस," मी म्हणालो. "गोठलेला रस्ता कधीच नापास होत नसतो, हे तुलाही माहितीय."

"मग लिही तसं. मी कुठे हात धरलाय?"

तो ट्रक घेऊन गेला. मी एकटा राहिलो. कपाळावर दिवा, हातात वही. वाऱ्याची झुळूक नाही. रस्त्यावर बोटभर ताजा बर्फ. थंडी उणे चौदा.

मी वहीत लिहायला वाकलो...

पचक्.

मी मान वर केली. काही नाही.

पुन्हा लिहायला लागलो...

पचक्... पचक्...

चिखलातून कुणीतरी चालत असल्यासारखा आवाज. रुतलेला बूट ओढून काढावा तसा. उणे चौदात! तिथे बर्फावर पाय पडला की करकर वाजतं. चिखल होता कुठे?

आवाज माझ्या मागून आला. माझ्या बाजूनं गेला. इतक्या जवळून, की मी अंग चोरून घेतलं.

श्वासाचाही आवाज होता. दोन माणसांचा. ओझं उचललेल्या माणसांचा असतो तसा.

मग बत्तीस नंबरच्या काठीपाशी सगळं थांबलं.

मी दिव्याचा झोत खाली वळवला...

रस्त्यावर पावलांचे ठसे होते. दोन जोड.

बर्फावर उमटलेले नव्हेत, रस्त्यात रुतलेले. वीतभर खोल. आणि आत पाणी.

मी पहार घेतली, ठशाच्या काठावर हाणली. ठिणगी उडाली. रस्ता पोलादासारखा टणक. मग ठशात बोट घातलं. पाणी. न गोठलेलं. बोट नाकाशी नेलं तर एप्रिलातल्या दलदलीचा वास.

पुढच्या ठशाच्या डाव्या टाचेवर तिरकी चीर होती.

मी माझा डावा पाय उचलून पाहिला. गेल्या हिवाळ्यात लाकडं फोडताना कुऱ्हाड निसटली होती, तेव्हापासून माझ्या बुटाच्या टाचेला चीर आहे. मी पाय हळूच त्या ठशात ठेवला.

बरोब्बर बसला.

मी तिथून चाललो नव्हतो. देवाशपथ सांगतो, मी त्या बाजूला पाऊलही टाकलं नव्हतं.

मागच्या ठशाच्या तळव्यावर चौकोनी ठिगळ उमटलेलं. ते ठिगळ मी ओळखत होतो. तौनोनं त्याच्या रबरी बुटाला सायकलच्या ट्यूबचं लावलेलं.

काठीपाशी ते चारही पाय बराच वेळ उभे राहिल्यासारखे खोल गेले होते. आणि त्यांच्या मधे एक लांबट चौकोन दाबला गेला होता. कुणीतरी जड काहीतरी खाली टेकवल्यासारखा.

मी काय केलं असेल? पळालो? नाही. खिशातून टेप काढली आणि मोजला! सवय मेली. सत्तर सेंटीमीटर बाय एकशे नव्वद. वहीत लिहिला.

मग बधिर बोटांतून पेन्सिल निसटली. ती उचलून वर पाहतो तो...

रस्ता सपाट. बोटभर बर्फ, एकही डाग नाही.

तौनोच्या घरी पोचलो तेव्हा तो चुलीशी लोकरी बुटात बसला होता. रबरी बूट सप्टेंबरपासून पडवीत खुंटीला लटकलेले. मी हात लावून पाहिले. कोरडे. त्यांवर कोळ्याचं जाळं.

"काय रे, भूत पाहिल्यासारखा दिसतोयस," तौनो म्हणाला. पण नेहमीसारखं हसला नाही. नजर खिडकीबाहेर. तेव्हा माझ्या ते लक्षात आलं नाही.

लेम्पीनं वेलचीचा पाव भाजला होता. घरभर वास. ती माझ्यासमोर कॉफी ठेवून बसली. गाल लाल झाले होते. किती वर्षांनी तिला एवढी खूश पाहिली मी!

"झाला ना रे रस्ता?"

"झाला."

"वसंतात अँब्युलन्स येईल ना? खरं सांग मार्ती, हे दोघं काहीही सांगतात, तो युर्की आणि हा म्हातारा. तू सांगितलंस की मी निश्चिंत."

तपासणीच्या कागदावर मला फक्त एक ओळ लिहायची होती. 'काठी बत्तीसजवळचे साठ मीटर गोठलेल्या खडीचे आहेत, उन्हाळ्यात खोदून पुन्हा भरावेत, एप्रिलात पलीकडच्या लोकांची वेगळी सोय करावी.' एवढंच. हिवाळाभर रस्ता तसाच वापरता आला असता. फक्त एप्रिलपुरतं लेम्पीला शहरात राहावं लागलं असतं. तीन आठवडे!

पण तिचा तो चेहरा...

"येईल," मी म्हणालो. "माझा शब्द."

आणि तिच्याच टेबलावर, तिचा पाव खात खात, मी कागदावर सही केली. तौनो माझ्या हाताकडे बघत होता. सही झाल्यावर त्यानं एक लांब श्वास सोडला. मला वाटलं, समाधानाचा.

हिवाळाभर रस्ता काय सुरेख चालला! फेब्रुवारीत अँब्युलन्स आली, वीस मिनिटांत लेम्पीला घेऊन गेली, आठवड्यानं परत आणून सोडली. गावात मला लोक पाठीवर थाप मारायचे. मी स्वतःला सांगून टाकलं, त्या दिवशी भास झाला. थकवा, थंडी, दिव्याचा झोत.

वहीतलं ते पान मात्र उघडत नव्हतो.

२६ एप्रिल २०१५. रविवार. मी मे दिनाच्या सणासाठी तौनोकडे राहायला गेलो होतो. लेम्पीनं लिंबाचं सरबत मुरायला ठेवलं होतं.

सकाळी सातला तौनोची हाक आली. अशी हाक मी त्याच्या तोंडून कधी ऐकली नव्हती.

लेम्पी स्वयंपाकघरात जमिनीवर बसलेली. ओठ निळे. अंगात रात्रीचा झगा, पायात तिनंच विणलेले राखाडी मोजे.

फोन केला. धुकं होतं, हेलिकॉप्टर उडणार नव्हतं. अँब्युलन्स निघाली. पाऊण तासानं दूरवर तिचा आवाज ऐकू आला. जवळ आला. जवळ आला...

आणि थांबला.

मला बघायला जायची गरज नव्हती. मला माहीत होतं कुठे थांबला ते.

"तिला आपण नेऊ," मी म्हणालो. "तिला ठेवून न्यायला काहीतरी बघ."

तौनोनं सॉनाचं दार बिजागरीतून उचकटलं. तिला दारावर घेतलं, गोधडीत गुंडाळलं. दार ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर ठेवून दलदलीपर्यंत आणलं. पुढे ट्रॅक्टर जाईना.

साठ मीटर पलीकडे अँब्युलन्स एका अंगावर कललेली, चाकं दिसेनात. नर्स उतरून आमच्याकडे यायला निघाली ती मांडीपर्यंत रुतली. ड्रायव्हर तिला ओढत होता. दोघंही ओरडत होते, "थांबा! येऊ नका!"

आम्ही निघालो. पुढे मी, मागे तौनो, मधे दारावर लेम्पी.

पचक्.

पचक्... पचक्...

तोच आवाज. या वेळी माझ्याच पायांचा.

मी रडत होतो. बासष्टाव्या वर्षी लहान मुलासारखा. पाय उचलायचा, टाकायचा, तो रुतायचा. माझाच रस्ता मला गिळत होता. मागे तौनोची धाप.

अर्ध्या वाटेत लेम्पी बोलली. आवाज अगदी नेहमीचा.

"तौनो, हे दार नीट बसव हं परत. फटीतून ऊब जाते."

"बसवतो गं," तौनो म्हणाला.

मग काही नाही.

दोन पावलं गेल्यावर तौनो म्हणाला, "मार्ती, खाली ठेव."

"थोडंच राहिलंय, चल."

"खाली ठेव रे. गेली ती."

आम्ही दार खाली टेकवलं. माझ्या उजव्या हाताला बत्तीस नंबरची काठी होती.

किती वेळ उभे होतो कोण जाणे. नंतर मी मागे वळून पाहिलं. दोन जोड ठसे, वीतभर खोल, आत पाणी. टाचेवरची चीर. चौकोनी ठिगळ.

संध्याकाळी दार परत लावताना मी मोजलं. सत्तर बाय एकशे नव्वद.

लेम्पीला गावात पुरलं. तौनोनं मला एका शब्दानं दोष दिला नाही. मला तेच सहन होत नव्हतं. अरे मार मला, शिव्या दे, घराबाहेर काढ! तो फक्त कॉफी पुढे करायचा.

उन्हाळ्यात आम्ही तो तुकडा तळापर्यंत खोदला. मी, तौनो आणि युर्की. युर्कीनं विचारलंसुद्धा नाही, मशीन घेऊन आला आणि तोंड खाली घालून राबला. एकेक दगड मी डोळ्यांखालून घातला. जूनच्या उन्हात, जमीन पूर्ण वितळलेली असताना ताटली लावली. एकशे चाळीस. खरेखुरे एकशे चाळीस. नंतरच्या एप्रिलात त्यावरून लाकडाचे ट्रक गेले, रेघ उमटली नाही.

पण त्याआधी नोव्हेंबर आला.

पहिली कडक थंडी पडली त्या दुपारी मला घरात बसवेना. साडेतीनला गाडी घेऊन हेतेयार्वीला गेलो. काठीच्या दिशेनं चालू लागलो तर... तिथे आधीच एक दिवा होता.

हलत नव्हता.

क्षणभर वाटलं, परत फिरावं. पण पाय थांबले नाहीत. जवळ गेलो तर तौनो.

"तू इथे काय करतोयस?" मी विचारलं.

"तू काय करतोयस?"

तो म्हणाला, "मी बघायला आलो. पुन्हा उमटतात का ते."

"काय उमटतात?" मी विचारलं.

"मागच्या वर्षी. तू तपासायला आलास त्याच दिवशी सकाळी. पत्रं आणायला निघालो होतो." तो काठीकडे बघत बोलत होता. "तुझी टाच ओळखली मी. माझं ठिगळपण ओळखलं."

"मग बोलला का नाहीस?"

"तुला विचारणारच होतो. म्हटलं, मार्ती आज येतोय. त्याला दिसलं तर तो काही सही करायचा नाही. तीस वर्षांत यानं कुणाला सोडलं नाही." त्यानं नाक पुसलं. "पण तू सही केलीस. म्हणजे तुला काही दिसलं नाही. म्हणजे मलाच भास झाला. तुझी सही बघून माझा जीव भांड्यात पडला रे."

मी खिशातल्या वहीतलं पान काढून त्याच्या हातात दिलं. त्यानं दिव्याखाली धरलं. सत्तर बाय एकशे नव्वद. तारीख, वेळ, माझं अक्षर.

त्यानं पान वाचलं. घडी घातली. मला परत दिलं.

दिवा पुन्हा काठीकडे वळवला.

आणि तेव्हाच...

गावाच्या बाजूनं आवाज आला. करकर नव्हे, पचक् नव्हे. मऊ. लोकरी मोजे घालून कुणी घरात फिरावं तसा.

आम्ही दोघांनी दिवे वळवले. माणूस नाही, सावली नाही. ताज्या बर्फावर एकेक ठसा उमटत येत होता... लहान, हलका. त्यात विणकामाचे उभे टाके स्पष्ट दिसत होते.

गावातल्या डांबरी सडकेकडून घराच्या दिशेनं.

साठ मीटरचा तुकडा जिथे सुरू होतो, तिथे येऊन ते थांबले. दोन्ही पाय जुळवून. एखाद्यानं पुढे पाय टाकावा की नाही असा विचार करावा तसे.

तौनो हुंदका देऊन म्हणाला, "ये गं. आता पक्का केलाय. ये घरी. दारपण बसवलंय."

ठसे जागचे हलले नाहीत.

मग ठसे वळले. आले तसे परत गेले.

नऊ वर्षं झाली. दर वर्षी पहिल्या कडक थंडीला ती येते. तौनो आता थकलाय, तो खिडकीत दिवा लावून बसतो. मी जातो. डांबरी सडकेपासून बत्तीस नंबरच्या काठीच्या अलीकडेपर्यंत ठसे येतात. त्या तुकड्याच्या काठापाशी थांबतात.

मी पलीकडे उभा राहून तिला सगळं सांगतो. खाली कापड आहे, दगड आहेत, एकशे चाळीस आलेत, नऊ वसंत झाले, काही खचलं नाही. शेवटी म्हणायचं असतं, 'लेम्पी, ये. माझा शब्द.' पण ते तोंडातून फुटत नाही. एकदा दिलेला आहे ना.

त्याच्या घरी गेलो की तौनो विचारतो, "आली का रे?"

"आली."

"पुढे आली?"

मी बुटांवरचा बर्फ झटकत राहतो. त्या साठ मीटरवर आजवर तिचं एकही पाऊल पडलेलं नाही.